झिजलेलं अक्षर विकत मिळत नाही

(विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



राज्यशास्त्र शिकणारी मुलगी फॉन्टवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. वाटू दे. अर्ध्या तासात मला एवढंच पटवून द्यायचंय की अक्षराच्या जाडीत, त्याच्या पायात आणि त्याच्या झिजेतसुद्धा राजकारण असतं. आणि आपण, जे रोज मोबाइलवर पोस्टर करतो, निवेदनाचं मुखपृष्ठ करतो, कार्यक्रमाची पत्रिका करतो, त्या राजकारणात आधीच उतरलोय. फक्त ते आपल्या लक्षात येत नाही.

आजचं अक्षर तुमच्या ओळखीचं आहे. काउबॉयच्या सिनेमात गावाच्या भिंतीवर ‘वॉन्टेड’ असं लिहिलेला कागद असतो बघा. जाड, ठसठशीत इंग्रजी अक्षरं, प्रत्येकाच्या वरखाली आडव्या पट्ट्या, आणि मध्ये मध्ये शाई उडालेली, टवके गेलेले. तेच अक्षर आज कॉफीच्या दुकानाच्या पाटीवर दिसतं, जीन्सच्या लेबलवर दिसतं, सलूनच्या काचेवर दिसतं. आणि आपल्याकडं शिवजयंतीच्या बॅनरवर, मंडळाच्या टी-शर्टवर, ‘आपला इतिहास’ असं लिहिलेल्या प्रत्येक दुसऱ्या पोस्टवर त्याचीच देवनागरी भावंडं दिसतात. मागं पिवळट कागद, वर भेगाळलेलं जाड अक्षर. या जातीला म्हणतात स्लॅब सेरिफ. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला असणारा छोटा पाय. आणि तो पाय नाजूक, निमुळता न ठेवता फरशीसारखा सरळ, जाड केला की तो स्लॅब.

आता हे अक्षर जन्मलं कुठं? अमेरिकेच्या वाळवंटात नाही. लंडनमध्ये.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपात छापायची अक्षरं मुख्यतः पुस्तकासाठी होती. पुस्तक हातात धरून, हातभर अंतरावरून वाचायचं असतं. पण इंग्लंडमध्ये कारखाने आले, माल आला, शहरं फुगली, नाटकं, लॉटऱ्या, घोडागाड्यांच्या फेऱ्या, लिलाव, सगळ्यांना एकाच भिंतीवर जागा हवी झाली. रस्त्यानं जाणारा माणूस थांबत नाही. त्याला दहा-पंधरा पावलांवरून ओरडून थांबवावं लागतं. पुस्तकाचं अक्षर नुसतं मोठं केलं तर त्याच्या बारीक रेषा लांबून दिसेनाशा होतात. मग विन्सेंट फिगिन्स नावाच्या लंडनच्या टाइप ओतणाऱ्यानं १८१५ ते १८१७ च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात एक नवं अक्षर दाखवलं. त्यात बारीक रेषा जवळजवळ नव्हत्याच. उभी रेघ जाड, आडवी जाड, पायही तेवढाच जाड. नाव काय दिलं? ‘अँटिक’. म्हणजे प्राचीन! बाजारात कालच आलेल्या अक्षराला ‘प्राचीन’ नाव. नव्या मालाला जुन्याचं नाव देऊन विकायची युक्ती तेव्हाही होती.

पुढं याच जातीला दुसरं नाव चिकटलं, ‘इजिप्शियन’. नेपोलियननं १७९८ ला इजिप्तवर स्वारी केली आणि त्यानंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं. फर्निचर इजिप्शियन, दागिने इजिप्शियन, मग अक्षरंही इजिप्शियन. हे नाव आधी १८१६ मध्ये बिनपायाच्या एका अक्षराला मिळालं होतं, १८२० नंतर ते स्लॅबला मिळालं. या अक्षराचा इजिप्तच्या लिपीशी काडीचा संबंध नाही. इजिप्तची चित्रलिपी वाचायची किल्ली शांपोलियाँला सापडली १८२२ मध्ये. म्हणजे ज्या देशाची लिपी लंडनमधल्या कुणालाच वाचता येत नव्हती, त्या देशाचं नाव लंडनमध्ये घडवलेल्या रोमन अक्षरावर लागलं. साम्राज्य नावं कशी वाटतं, याचं हे छोटं उदाहरण लक्षात ठेवा. आपल्या भागात गावांच्या आणि रस्त्यांच्या नावांवरून किती बोललं जातं, हे मी वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट मालकीची. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली यांच्या फाउंड्रीनं ‘क्लॅरेंडन’ हे अक्षर काढलं. फिगिन्सच्या अक्षरापेक्षा मवाळ, पाय रेघेला जोडताना थोडी गोलाई दिलेली. शब्दकोशात मूळ शब्द ठळक दिसावा, बाकी मजकुराबरोबर बसावा, अशा कामाला ते उत्तम होतं. बेस्लींनी त्याची त्या काळच्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली. संरक्षण मिळालं ३ वर्षांचं. मुदत संपली आणि बाकीच्या फाउंड्रींनी धडाधड नकला काढल्या. बेस्ली पुढं, १८६९ मध्ये, लंडनचे लॉर्ड मेयर झाले, त्यामुळं त्यांच्याबद्दल फार हळहळायचं कारण नाही. पण प्रश्न राहतोच: अक्षर कुणाचं? ज्यानं कोरलं त्याचं, ज्यानं विकलं त्याचं, की जो वाचतो त्याचं? हा प्रश्न आपण मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला फुकटचा फॉन्ट बिनधास्त वापरतो तेव्हाही असतोच.

आता लाकूड. शिशाचं अक्षर लहान असेल तोवर ठीक. तळहाताएवढं अक्षर शिशात ओतलं तर ते वजनदार, महाग, आणि थंड होताना पृष्ठभाग सपाट राहीलच याची खात्री नाही. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी फिरत्या पात्याच्या यंत्रानं लाकडी अक्षरं मोठ्या संख्येनं कोरायला सुरुवात केली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफ जोडला. एक नमुना समोर ठेवायचा, त्यावरून सुई फिरवायची, की तेच अक्षर हव्या त्या मापात, रुंद किंवा अरुंद, कोरून निघतं. लाकूड मेपलचं, तेही आडव्या कापाचं, म्हणजे झाडाच्या बुंध्याचा गोल काप घेतल्यासारखं, कारण ती बाजू घट्ट असते आणि दाब सोसते. उंची शिशाच्या खिळ्याएवढीच, ०.९१८ इंच, म्हणजे दोन्ही एकाच चौकटीत बसतात. १८८० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावात हॅमिल्टन यांनी कारखाना काढला आणि पुढं अमेरिकेतला हा धंदा बराचसा त्यांच्या हातात गेला. आज तिथं लाकडी टाइपाचं संग्रहालय आहे.

सिनेमात दिसणारं खास ‘वेस्टर्न’ अक्षर म्हणजे या घराण्यातला एक विचित्र मुलगा, फ्रेंच क्लॅरेंडन. त्यात उभी रेघ बारीक आणि वरखालचे पाय मात्र प्रचंड जाड, म्हणजे नेहमीचा हिशोब उलटा. अक्षर अरुंद, म्हणून एका ओळीत जास्त मावतात. सर्कसवाल्याला आणखी काय पाहिजे?

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, हा सगळा जाहिरातीचा इतिहास झाला, राजकारण कुठं आहे? तर दोन तारखा सांगते.

१० एप्रिल १८४८. लंडनचं केनिंग्टन कॉमन. चार्टिस्ट चळवळीची मोठी सभा. त्यांच्या सहा मागण्या होत्या: सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, सभासदाला पगार वगैरे. त्यातल्या पाच पुढं इंग्लंडच्या कायद्यात आल्या. दरवर्षी निवडणूक ही तेवढी राहिली. त्या दिवसाची बोलावणी भिंतीवर लागली ती याच जाड, ओरडणाऱ्या अक्षरांच्या घराण्यात. आणि जमावबंदीचा इशारा देणारी पोलिसांची सूचना? तीही छापील, तीही भिंतीवरच.

दुसरी तारीख, २४ एप्रिल १८५१. अमेरिकेतलं बोस्टन. १८५० च्या कायद्यानं पळून आलेल्या गुलामांना उत्तरेतल्या राज्यांतूनही पकडून परत पाठवायची सोय केली होती. बोस्टनच्या भिंतींवर एक पत्रक लागलं. शहरातल्या काळ्या नागरिकांनो, पोलिसांशी बोलू नका, ते आता गुलाम पकडणाऱ्यांचं काम करतायत, असा त्याचा आशय. ते लिहिलं होतं थिओडोर पार्कर या धर्मोपदेशकानं. मोठी, जाड अक्षरं, लांबून दिसतील अशी, कारण ज्याला ते वाचायचं होतं त्याला भिंतीजवळ फार वेळ उभं राहणं धोक्याचं होतं. आणि त्याच देशात, त्याच काळात, माणसांच्या लिलावाच्या जाहिरातीही अशाच जाड अक्षरांत छापल्या जात होत्या.

म्हणजे अक्षर कुणाच्याच बाजूचं नव्हतं. खिळा विकणाऱ्याच्याही हातात होता आणि सोडवणाऱ्याच्याही. पण एक गोष्ट नवी झाली होती. थोडे पैसे आणि एक छोटा छापखाना असला की सामान्य माणसांचा गट सरकारएवढ्याच मोठ्या अक्षरात बोलू शकत होता. माझ्या मते स्लॅब अक्षराचं खरं राजकारण हे. मोठ्या आवाजावर फक्त सत्तेचा हक्क राहिला नाही.

आता झिजेकडं येऊ, कारण विषयाचा गाभा तोच आहे.

ही लाकडी अक्षरं नवी होती तेव्हा त्यांच्या कडा चाकूसारख्या धारदार होत्या. पोस्टर छापलं, अक्षरं पुसली, पुन्हा खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरं पोस्टर. खाली पडलं, कोपरा उडाला. ओल आली, लाकूड फुगलं. वाळलं, चीर पडली. इंग्रजीत ‘ई’ सगळ्यात जास्त लागतं, म्हणून ‘ई’ सगळ्यात आधी झिजायचं. झिजलेलं अक्षर बाकीच्यांपेक्षा जरा बुटकं होतं, त्याच्यापर्यंत शाई नीट पोचत नाही, म्हणून छापणारा त्याच्याखाली कागदाचा तुकडा लावून त्याला उचलायचा. तरीही ते थोडं फिकट उठायचं. तुम्हाला जे ‘विंटेज’ दिसतं ते हेच. ती कुणी केलेली नक्षी नव्हती. छापणाऱ्याला ती नकोच होती! त्याला ठळक, भरलेला काळा ठसा पाहिजे होता. टवके म्हणजे कामाचा हिशोब. कुठलं अक्षर किती राबलं, याची नोंद.

आणि स्लॅब म्हणजे जुनंच, असंही नाही. १९२९ मध्ये जर्मनीत मेंफिस, १९३४ मध्ये इंग्लंडात रॉकवेल अशी कंपास-पट्टीनं काढल्यासारखी स्वच्छ स्लॅब अक्षरं आली, ती त्या वेळी एकदम आधुनिक वाटायची. टाइपरायटरला तर स्लॅबशिवाय चालतच नव्हतं. तिथं प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. इंग्रजी ‘एम’ त्या जागेत कोंबून बसवायचा आणि बिचारा ‘आय’ त्याच जागेत एकटा उभा. मग ‘आय’ला दोन्हीकडं लांब पाय दिले की पोकळी भरते. सोनी आणि आयबीएम या कंपन्यांची नावंही स्लॅब अक्षरात आहेत. त्यांना कुणी जुनाट म्हणत नाही. तेव्हा स्लॅब वेगळं आणि झीज वेगळी. दोन्हीची गाठ आपल्या डोक्यात सिनेमानं मारलीय.

आज ही झीज विकत मिळते. दोन प्रकारे करतात. एक, खऱ्या लाकडी अक्षराचा ठसा घ्यायचा, स्कॅन करायचा, त्याची बाह्यरेषा काढायची. दुसरा, स्वच्छ अक्षर घ्यायचं आणि वर संगणकावरचे डाग पसरायचे. दोन्हीत एक मेख आहे. शब्दात तेच अक्षर दोनदा आलं की टवकाही तंतोतंत त्याच जागी दोनदा येतो. खऱ्या छपाईत असं होणार नाही, कारण तिथं दोन वेगळे खिळे, दोन वेगळी आयुष्यं. हुशार फॉन्ट करणारे म्हणून एकेका अक्षराचे दोन-तीन नमुने ठेवतात आणि ते आळीपाळीनं येतील अशी सोय करतात. इंग्रजीत हे जमतं, सव्वीस अक्षरं आहेत. देवनागरीत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार धरून शेकडो आकार. प्रत्येकाचे तीन नमुने करायला कोण बसणार? म्हणून आपल्या वाट्याला येतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. वरून डाग पसरलेले.

आणि आता नीट ऐका, कारण इथून पुढं प्रकरण फक्त सौंदर्याचं राहत नाही.

रोमन अक्षराला टवका गेला तर ‘ई’ हे ‘ई’च राहतं. देवनागरीत टवका अर्थ खातो. शिरोरेषेत भेग पडली की ‘घ’चा ‘ध’ होतो आणि ‘म’चा ‘भ’ वाटायला लागतो. पोटात शाई भरली की ‘ब’मधली तिरकी रेघ बुडते आणि ‘ब’चा ‘व’ होतो. ‘बार’चा ‘वार’. डागांमध्ये अनुस्वार हरवला की ‘चिंता’ची ‘चिता’ होते. आणि उलट, नको तिथं एक ठिपका पडला की नवाच अनुस्वार जन्माला येतो. शिशाच्या जमान्यात अशा चुका झाल्या की आपले लोक त्याला मुद्राराक्षसाचा प्रताप म्हणायचे. तेव्हा राक्षस न बोलावता यायचा. आपण त्याला पैसे देऊन डाउनलोड करतोय.

पायांचंही तसंच. काही जण देवनागरीच्या उभ्या दांड्याला खाली रोमनसारखा स्लॅब पाय लावतात. दिसतं भारी. पण देवनागरीत दांड्याचं खालचं टोक ही रिकामी जागा नाही. उकार तिथंच लागतो, ऋकार तिथंच, पाय मोडायचा तो तिथंच. पायाची पट्टी आणि उकार एकमेकांच्या अंगावर येतात. ‘सुख’ आणि ‘सूत’ नुसतं जाड पायात लिहून बघा, कळेल. आणि वरची पट्टी? ती तर आपल्याकडं आधीपासून आहे! शिरोरेषा. रोमनमध्ये प्रत्येक अक्षराची पट्टी त्याची एकट्याची. आपली पट्टी सगळ्या शब्दाची सामायिक. जाडजूड, लांबून दिसणारं मराठी अक्षर करायचं असेल तर विचार तिथून सुरू व्हायला पाहिजे. उसने पाय लावून तो होत नाही.

आपल्या छापील अक्षरालाही इतिहास आहे, आणि तो आपल्याच आसपास सुरू होतो. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं, पण रोमन लिपीत. भाषा मराठी, खिळे परक्यांचे. देवनागरी खिळ्यांत मराठीचं व्याकरण छापलं गेलं ते १८०५ मध्ये, विल्यम कॅरी यांचं, तेही दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला. पुढं मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरनं देवनागरी टाइपाला जे वळण दिलं, त्याचा दबदबा देशभर झाला. म्हणजे भाषा आपली असून अक्षर आपल्या हातात यायला आपल्याला फार वाट बघावी लागली. हा इतिहास माहीत असलेल्या माणसाला काउबॉयचं अक्षर उसनं घेऊन ‘आपला वारसा’ लिहावंसं वाटणार नाही, असं माझं मत.

आता माझा मुख्य मुद्दा. ‘विंटेज’ अक्षर वाचणाऱ्याला शब्दाच्या आधी एक गोष्ट सांगून जातं: हे जुनं आहे, संपलेलं आहे, आठवणीत ठेवा. कॉफीच्या दुकानाला ते चालतं. पण आपण सीमाभागातली मुलं आहोत. आपलं सगळं म्हणणं काय? की इथं मराठी जिवंत आहे. घरात आहे, बाजारात आहे, शाळेत आहे, भांडणात आहे. आणि ते म्हणणं आपण कुठल्या अक्षरात मांडतो? ज्या अक्षराचा पहिला संदेशच ‘हे होतं एकदा’ असा आहे, त्या अक्षरात. तोंडानं जिवंत म्हणायचं आणि अक्षरानं तेराव्याची पत्रिका काढायची, हे जुळत नाही.

यावर एका मैत्रिणीनं मला चांगला प्रश्न विचारला. ती म्हणाली, ‘अगं, पण जुनेपणा हाच तर आपला पुरावा आहे. आपण इथले किती पिढ्यांचे, हेच दाखवायचंय ना?’ प्रश्न बरोबर आहे. आणि म्हणूनच मी म्हणते, खोटा जुनेपणा टाळा. आपल्या भागात जुन्या कागदाची किंमत काय असते ते प्रत्येक घराला माहितीय. शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे, पंचायतीचे ठराव, लग्नपत्रिका, हिशोबाच्या वह्या. खरा कागद पिवळा पडतो तो काळानं. आपण पोस्टरवर कालचा मजकूर पिवळ्या कागदावर, भेगाळलेल्या अक्षरात टाकतो, आणि शेजारी खऱ्या दाखल्याचा फोटो लावतो, तेव्हा बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. खरा कागदही ‘इफेक्ट’ वाटायला लागतो. ज्यांच्याकडं खरा पुरावा आहे त्यांनी नकली पुराव्याची वेशभूषा कशाला करायची? खरा कागद नीट स्कॅन करा, त्याला हात लावू नका, आणि शेजारचं आपलं म्हणणं स्वच्छ, आजच्या अक्षरात लिहा. फरक दिसू दे. तोच पुराव्याचा मान आहे.

मग करायचं काय? थोडं कामाचं बोलते.

पहिलं, पोस्टर झाल्यावर मोबाइल हातभर लांब धरा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचायला लावा. आजी अडखळली तर फॉन्ट बदला, आजी नाही.

दुसरं, फॉन्ट निवडायच्या आधी त्यात चार शब्द टाइप करून बघा: ‘दऱ्या’, ‘दर्या’, ‘शाळा’, ‘ॲप’. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगराच्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. दोन्ही सारखे दिसले तर तो फॉन्ट मराठीचा विचार करून केलेला नाही. ‘श’ आणि ‘ल’ची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात ती प्रमाण म्हणून दिलीत. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, फक्त सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी लागते. दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरं, इंग्रजी नाव दिमाखदार स्लॅबमध्ये आणि खाली मराठी संगणकात आपोआप येईल त्या अक्षरात, असं करू नका. पूर्वीच्या विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा र. कृ. जोशींसारख्या मोठ्या सुलेखनकारानं केलेला फॉन्ट आहे, पण तो पडद्यावरच्या बारीक मजकुरासाठी. त्याला ताणून बॅनरवर चढवणं हा त्याच्यावरही अन्याय आणि मराठीवरही. बघणाऱ्याला लगेच कळतं, कुठल्या भाषेवर मेहनत घेतलीय आणि कुठली नुसती उरकलीय.

चौथं, मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आज आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ गटाचे मुक्त, बलू आणि मोदक बघा. मोदक तर नावाप्रमाणंच गुबगुबीत, लांबून दिसणारा. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. हे वापरायला पैसे लागत नाहीत आणि चोरीही करावी लागत नाही. ज्यानं अक्षर कोरलं त्याचा मान राखायचा हा सरळ मार्ग आहे.

आणि शेवटचं. फिगिन्सच्या काळातल्या लोकांना रस्त्यावर बोलायचं होतं, पुस्तकाचं अक्षर पुरत नव्हतं, म्हणून त्यांनी नवं घडवलं. ते तेव्हा विंटेज नव्हतं. भडक होतं, नवीन होतं, सभ्य लोकांना ते आवडलंही नसेल. पुढं शंभर वर्षं राबून ते जुनं झालं. आपल्या गावात अजून पेंटर आहेत, ज्यांनी ब्रशनं दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरची नावं, शाळेच्या भिंती रंगवल्यात. फ्लेक्सनं त्यांचं काम खाल्लं. त्यांची अक्षरं भिंतीवर आहेत तोवर फोटो काढून ठेवा. परवानगी घेऊन, त्यांच्या नावासकट. ते हात ब्रश कसा फिरवतात, ‘ळ’ कुठून सुरू करतात, जाडी कुठं देतात, विचारून घ्या. तुमच्यापैकी कुणीतरी डिझाइन शिकत असेल, कुणी कॉम्प्युटर शिकत असेल. त्यातून एक अक्षर तयार करा, मराठीला लांबून वाचता येईल असं, शिरोरेषेच्या बळावर उभं राहणारं.

त्याला टवके पाडू नका. ते कोरं, धारदार असू दे. मोर्च्याला वापरा, ग्रंथालयाच्या पाटीला वापरा, कबड्डीच्या स्पर्धेला वापरा, वरातीच्या बोर्डाला वापरा. झिजायचं ते वापरून झिजेल.